चांदी चढवलेली कॉइल

निपाणीत जैनांच्या बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मागच्या गल्लीत कुणाचं तांब्याचं घंगाळ काळं पडलं, कुणाच्या समईला हिरवं आलं, की निरोप जातो तो त्रिशलाक्कांकडे. वय अडुसष्ट, उंची बेताची, आवाज खणखणीत, आणि हाताला असा गुण की चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ घेऊन बसल्या, तर सासूबाईंच्या सासूबाईंचा तांब्याही काल दुकानातून आणल्यासारखा दिसावा. बाजारात भांडी घासायच्या नाना पावडरी आल्या, बाटल्या आल्या. त्रिशलाक्कांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बस्तीतले अभिषेकाचे कलश गेली बावीस वर्षं त्याच घासतात आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

अशा बाईच्या पुढ्यात वैशाखातल्या एका सकाळी नवऱ्यानं एक भलतीच वस्तू आणून ठेवली. तांब्याच्या नळीचे तेरा वेढे, मुसळाएवढी जाडी, वीतभर लांबी आणि रंग करपलेल्या भाकरीचा.

"हे काय वो?"

"कॉइल. ॲम्प्लिफायरची. लख्ख करून पायजे. पण एक वेढा इकडचा तिकडं झाला न्हाय पायजे, सांगून ठेवतो."

त्रिशलाक्कांनी कॉइल उचलली, उजेडात धरून फिरवली आणि वैद्यानं नाडी बघावी तसा चेहरा केला.

"कधीधरनं पडलीया ही?"

"दुकान काढलं तवाची हाय."

"मग चिंच लई लागंल," असं म्हणून त्यांनी पदर खोचला.

हे दुकान म्हणजे मोटार रिवाइंडिंगचं. आण्णासाहेबांचं घराणं तंबाखूच्या वखारीचं, भाऊ सगळे त्याच धंद्यात. ह्यांनी मात्र तरुणपणी स्टँडजवळ गाळा घेतला आणि पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी चाळीस वर्षं नव्यानं भरून दिल्या. तंबाखूच्या पानाला हात न लावता निपाणीत पोट भरून दाखवलं, याचा त्यांना आतून फार अभिमान. सत्तरी आली तसं दुकान मिटलं. पण दुकानाच्या जोडीनं सांभाळलेलं खूळ मात्र मिटलं नाही. ते खूळ म्हणजे हॅम रेडिओ. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, गच्चीवर तार ताणायची आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी आभाळातून बोलत बसायचं.

"काय बोलता एवढं?" असं त्रिशलाक्कांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"माझा आवाज त्याला कसा येतोय आणि त्याचा मला कसा येतोय, ते."

"आणि मग?"

"मग नमस्कार."

यात पुरुषांना काय गंमत वाटते ते त्रिशलाक्कांना आजतागायत कळलेलं नाही. पण दारू नाही, पत्ते नाहीत, विडी नाही. तेव्हा नवऱ्यानं आभाळाशी बोललेलं चालवून घ्यावं, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

त्या आभाळात आण्णासाहेबांना एक मित्र मिळाला. जोतिबा. लोंढा जंक्शनला सिग्नल खात्यात होता, गडी खानापूरकडचा, बोलायला मोकळाढाकळा. तीस वर्षं झाली, दर रविवारी सकाळी साडेसहाला दोघांची गाठ ठरलेली. पाऊस असो, दिवाळी असो, घरात पाहुणे असोत. निवृत्त झाल्यावर जोतिबाच्या मुलानं आईबापांना जबलपूरला नेलं. तिथं गेल्यावर जोतिबानं आधी गच्चीवर तार बांधली, मग ट्रंका उघडल्या. रविवार चुकला नाही.

गेली दोन वर्षं मात्र या रविवारला दृष्ट लागली होती.

"अण्णा, मोठ्यानं बोल रं! तुझा आवाज पडलाय!" तिकडून जोतिबा म्हणायचा.

आण्णासाहेब मोठ्यानं बोलायचे.

"काय?"

आण्णासाहेब ओरडायचे.

"काय म्हनलास? पोट?"

"पोट साफ हाय! पोट! साफ!"

रविवारी सकाळी गल्लीत कुणाला गजर लावायची गरज उरली नाही. समोरच्या प्रियदर्शनीबाई तर दूध घेताना त्रिशलाक्कांना विचारायला लागल्या, की आज अण्णांच्या पोटाचं बरं दिसतंय. त्रिशलाक्कांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता गंमत अशी, की खरी गोष्ट त्रिशलाक्कांना ठाऊक होती. जोतिबाची बायको जयाबाई जबलपुरात मराठी बोलायला आसुसलेली. ती रोज दुपारी तीनला मोबाईलवर व्हिडिओ लावायची. म्हणजे दोघे बापे आठवड्यातून एकदा आभाळातून एकमेकांना हाका मारायचे आणि त्यांच्या बायका रोज तासभर एकमेकींची तोंडं बघत भाजी निवडायच्या. त्यात एके दिवशी जयाबाईनं सांगून टाकलं.

"आक्का, अण्णांचा आवाज कुठला पडतोय? ह्यांचा कान पडलाय. डावा पार गेलाय, उजवा निम्मा. पोरानं कानातलं मशीन आणलंय, ते डबीत तसंच. मी काय म्हातारा झालोय व्हय, म्हणतात. कान धडधाकट हाय, अण्णाचाच सेट जुना झालाय, म्हणतात."

"अगं मग मी सांगते की ह्यांस्नी."

"नको गं आक्का! तुला तुझ्या देवाची आण. अण्णास्नी कळलं म्हणून ह्यांस्नी कळलं, तर लाजंनं सेट उचलून फेकतील."

देवाची आण घातल्यावर त्रिशलाक्कांचं तोंड शिवलंच. आणि त्याच आठवड्यात जोतिबानं रविवारी जाहीर केलं, की असं जमायचं नाही. दिवाळीपर्यंत बघतो. अण्णाचं बोलणं ऐकू आलं तर ठीक, नाहीतर सेट भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो.

"थांब की!" आण्णासाहेबांनी इकडून गल्ली दणाणून सोडली. "मी ॲम्प्लिफायर करतोय! आवाज चौपट करतो! तवर सेटला हात लावू नको! हात! लावू! नको!"

हे वाक्य मात्र जोतिबाला ऐकू गेलं. बरं म्हणाला. वाट बघतो म्हणाला.

स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता त्रिशलाक्कांनी हे ऐकलं. बहिऱ्या कानाला चौपट आवाज काय करणार? ॲम्प्लिफायर पुरा होईल, हे जीव तोडून ओरडतील, तिकडून "काय?" येईल, आणि सेट जाईल भंगारात. मग ह्यांचा रविवार गेला. त्रिशलाक्कांना रेडिओतलं काही कळत नसेल, पण नवरा कळत होता. हा माणूस सोमवारी उठतो तो रविवार किती लांब आहे हे मोजत उठतो. जोतिबाला सांगायच्या गोष्टी शनिवारी कागदावर उतरवून ठेवतो. तो रविवार काढून घेतला तर त्यांच्याजवळ काय उरणार, या विचारानं त्यांना रडू आलं. मग पोळी करपली म्हणून रागही आला.

सांगायचं तर आण मोडते. न सांगावं तर ॲम्प्लिफायर होतो. तेव्हा त्रिशलाक्कांनी मधली वाट काढली. ॲम्प्लिफायर लांबवायचा.

म्हणून ती तेरा वेढ्यांची कॉइल त्यांनी रोज एक वेढा अशी घासायला घेतली. एरवी बस्तीतले अकरा कलश तासाभरात उजळणारी ही बाई एका वेढ्याला सबंध दुपार घ्यायची. चिंचेनं घास, मग राखेनं, मग सात पाण्यांनी धू, फडक्यानं टिपून उन्हात ठेव.

आण्णासाहेब शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि घाई करायच्या ऐवजी शिकवत बसायचे.

"वरची कातडी महत्त्वाची बघ. साधी वीज तारंतनं सगळीकडनं जाती. पण ही रेडिओची वीज लई वेगाची. ती आत शिरतच न्हाय, वरच्या कातडीवरनंच पळती. कातडी काळी पडली, की वीज अडली. तिथं तापतं, ठिणगी मारतं."

"आतल्या तांब्याला काय काम न्हाय मग?"

"न्हाय."

"म्हंजे वरनं दिसायला चांगलं असलं की झालं. बस्तीच्या कमिटीवर घ्या की मग हिला."

तेरा दिवसांनी कॉइल अशी झळकली, की आण्णासाहेबांना चष्मा काढावा लागला. त्रिशलाक्कांना वाटलं, संपलं आता, हे उद्या बसवणार. पण आण्णासाहेबांनी ती हातात खालीवर केली, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "चार महिन्यांत परत काळी पडंल. हिच्यावर चांदी चढवून घेतो. चांदीवरनं वीज आणि बरी पळती."

"किती बरी?"

आण्णासाहेब प्रामाणिक माणूस. "लई न्हाय. शंभरात पाचसहा."

पाचसहासाठी चांदी! एरवी त्रिशलाक्कांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्या दिवशी त्या इतक्या गोड आवाजात "घ्या की चढवून, निवांत घ्या" म्हणाल्या, की आण्णासाहेबांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

चांदीचा मुलामा म्हटलं, की या भागात भावकूचं नाव. भावकू बेळगावजवळच्या हिंडलग्याचा. शेत आहे, भाऊ शहरात नोकरीला आहेत, पण भावकूच्या हाताला मुलाम्याचं काम. गावोगावच्या पालख्यांचे दांडे, देवांचे मुखवटे, प्रभावळी त्याच्याकडे येतात. भाद्रपदातल्या पर्वासाठी बस्तीतल्या वस्तू न्यायला तो उन्हाळ्यातच निपाणीला येतो आणि मुक्काम आण्णासाहेबांच्या ओसरीवर करतो. त्याचा एक नेम होता. मुलाम्याच्या पाण्यात देवाच्या वस्तूखेरीज काही बुडवायचं नाही. कुणी ताट-वाटी आणली तर हात जोडून परत पाठवायचा.

त्यानं कॉइल हातात घेतली.

"हे कुठल्या देवाचं म्हणायचं, अण्णा?"

"देवाचं न्हाय. माझ्या रेडिओचं."

"मग जमत न्हाय."

आण्णासाहेबांनी त्याला आत नेलं, सेट दाखवला, गच्चीवरची तार दाखवली, आणि जबलपूरचा माणूस इथं कसा बोलतो ते सांगितलं. भावकू ऐकत राहिला. मग हळूच त्यानं पायातल्या चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.

"मधी तार न्हाय? वायर न्हाय? नुसतं आभाळ?"

"नुसतं आभाळ."

"आन् तुमचा सोबती तिथनं आवाज देतो?"

"देतो की."

"मग देवाचंच झालं की हे," असं म्हणून त्यानं कॉइल कपाळाला लावली आणि पिशवीत घातली.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावण सरला. भावकू एरवी पंधरा दिवसांत काम देणारा. पण या वस्तूला मुहूर्त बघून हात लावायचा म्हणून त्यानं तीन महिने घेतले, आणि त्रिशलाक्कांनी त्याला मनातल्या मनात शंभर वर्षांचं आयुष्य चिंतलं. रविवारी जोतिबा विचारायचा, "अण्णा, झाला काय ॲम्प्लिफायर?" आणि आण्णासाहेब ओरडून सांगायचे, "कॉइल! चांदीला! दिलीया!" तिकडून उत्तर यायचं, "कुणाला दिलीया?"

भाद्रपदात रोज एका धर्माचं असं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं, आणि पाचव्या दिवशी भावकू आला. आण्णासाहेब कामानं परगावी गेलेले. त्यानं लाल फडक्यात बांधलेली सात-आठ गाठोडी ओसरीवर ठेवली. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली. "सगळं आलं बघा आक्का," म्हणाला आणि बस धरायला पळाला. त्रिशलाक्कांनी गाठोडी टोपलीत भरली आणि तशीच बस्तीत नेली. बस्तीच्या वस्तू, त्यांना उघडून बघायचं कशाला?

बस्तीत उपाध्यांनी एकेक फडकं सोडलं. छत्र निघालं, चामरांच्या मुठी निघाल्या, आणि मग तेरा वेढ्यांची, चंद्रासारखी लखलखणारी ती निघाली. उपाध्ये क्षणभर चक्रावले. मग त्यांनी ती उभी ठेवली, तिच्यावर कलश ठेवला. कलश असा बसला, जशी त्याच्याच मापाची घडवलेली.

"वा! कलशाला बैठक! आक्का, ही तुमच्याकडनं न्हवं?"

त्रिशलाक्कांनी ओळखलं. तोंड उघडलं. आता म्हणायचं होतं, की ही बैठक नव्हे, ही ह्यांची कॉइल, चुकून आली, द्या इकडं. पण त्याच क्षणाला त्यांच्या मनात आलं, की कॉइल इथं राहिली तर ॲम्प्लिफायर होणार नाही. तोंड उघडंच राहिलं, शब्द बाहेर पडला नाही. तेवढ्यात उपाध्यांनी माईक हातात घेतला. आण्णासाहेबांच्या घराण्याकडून कलशाला चांदीची बैठक अर्पण, असं साऱ्या बस्तीला ऐकवलं. लोकांनी जयजयकार केला. आणि त्या दिवशी पर्वातला नेमका उत्तम सत्य धर्माचा दिवस होता.

देवाला दिलेली वस्तू निर्माल्य. तिच्यातला तांदळाचा दाणाही घरी आणून चालत नाही, हे त्रिशलाक्कांनी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणजे कॉइल गेली ती गेलीच. पुढचे पाच दिवस त्यांनी एकभुक्त केलं, खाली मान घालून सामायिकाचं ध्यान केलं, आणि नवऱ्यासमोर फक्त वाढायला उभ्या राहिल्या. कबुली द्यायची होतीच. पण त्यांनी दिवस हेरून ठेवला होता. पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी लहानथोर एकमेकांना हात जोडून क्षमा मागतात, आणि समोरच्यानं काय-कशाचं न विचारता क्षमा करायची असते. एरवी वर्षभर अबोला धरलेल्या जावा त्या दिवशी एकमेकींना हात जोडतात, मग त्रिशलाक्कांनी का सोडावं?

क्षमावणीला सकाळी त्या नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "उत्तम क्षमा."

"उत्तम क्षमा," आण्णासाहेब म्हणाले.

"केली न्हवं? मागं घ्यायची न्हाय."

"केली."

"तुमची कॉइल बस्तीत कलशाखाली हाय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. काहीच होईना म्हणून उघडले. आण्णासाहेब चहा पीत होते.

"ठाव हाय. लोक कसल्या बैठकीचं बोलत्यात, आधी कळंना. चतुर्दशीला अभिषेकाचा कलश माझ्याच हातात दिलाता. उचलला तर खाली माझी कॉइल."

"मग बोलला न्हाईसा?"

"देवाला दिलेलं परत मागायचं व्हय? ऱ्हाऊ दे. शोभतीया." आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग तर नव्हताच, उलट येणारा पाहुणा टळल्यासारखी सुटका दिसत होती. "दुसरी करू की. निवांत."

हे निवांत त्रिशलाक्कांना जरा खटकलं, पण क्षमा मिळाली होती, तेव्हा त्यांनी खोलात जायचं टाळलं.

दुसऱ्या कॉइलसाठी फ्रीज दुरुस्त करणाऱ्या जिनेंद्रकडून तांब्याची नळी आली. ती मुसळाभोवती गुंडाळायची. आण्णासाहेबांनी नळी ओढायची आणि त्रिशलाक्कांनी मुसळ धरून गरगरा फिरवायचं. पहिल्या खेपेला वेढे बारा झाले. दुसऱ्या खेपेला चौदा. तिसऱ्या खेपेला तेरा झाले, पण मुसळ आतच अडकलं, आणि ते काढायला साबण लावून दोघं दोन टोकांना धरून ओढत असताना प्रियदर्शनीबाई साखर मागायला आल्या आणि न मागताच परत गेल्या. चाळीस वर्षं मोटारी भरलेल्या माणसाचे वेढे कसे चुकतात, हे त्रिशलाक्कांच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांचं सगळं ध्यान दुसरीकडे होतं. दिवाळी महिन्यावर आली होती.

दुपारी तीनला त्यांनी जयाबाईला धारेवर धरलं. "आता कॉइल झाली बघ. तुझ्या नवऱ्याच्या कानात ते मशीन घाल कसं बी."

"काय करू आक्का? दोन दिवस अबोला धरला."

"मग?"

"त्यास्नी कळलंच न्हाय."

त्रिशलाक्का हसल्या, मग डोळे पुसत गंभीर झाल्या. "ऐक. त्यांस्नी म्हण, अण्णांनी तुमच्यासाठी पाच महिने घालवल्यात. त्या तांब्यावर चांदी चढवली. एवढं करून तुम्ही 'काय?' म्हणलासा, तर त्या माणसाला वाटंल, सगळं वाया गेलं. स्वतःसाठी घालू नका म्हणावं. अण्णांसाठी घाला."

जयाबाईनं फोन ठेवला. पुढचे तीन दिवस तिचा फोन आला नाही, आणि त्रिशलाक्कांचा जेवणात जीव लागेना.

दिवाळीच्या आधीचा रविवार उजाडला. ॲम्प्लिफायरची हिरवी पेटी टेबलावर ठेवलेली. आत चिंचेनं उजळलेले तेरा वेढे. आण्णासाहेबांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. त्रिशलाक्कांनी कपबशी त्यांच्यापाशी ठेवली आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. साडेसहा वाजले.

"जोतिबा! जोतिबा! ऐकू येतंय काय?" आण्णासाहेब ओरडले. समोरच्या घरात दिवा लागला.

खरखर झाली. मग जोतिबाचा आवाज आला, आणि त्यात पहिल्यांदाच "काय" नव्हतं.

"आलं, आलं! अण्णा, आलं रं! शेजारी बसून बोलतोयस जणू! काय आवाज झालाय रं तुझा! चांदी म्हंजे चांदी! पाच महिने घालवलास, पर सोनं झालं बघ!"

त्रिशलाक्कांनी पदर तोंडाला लावला. रडू येत होतं आणि हसूही. घातलं, मशीन घातलं कानात.

आण्णासाहेबांना चांदीबद्दल खोटं बोलवेना. "जोतिबा! चांदीची कॉइल! बस्तीला! गेली! ही साध्या तांब्याची हाय! हिनं चिंचेनं! घासलीया!"

"व्हय? वहिनींनी?" जोतिबा खुशीत आला. "मग चांदीच्या तोंडात मारलं की वहिनींच्या चिंचेनं! आता ऐक, मला लई सांगायचं साठलंय..." आणि तो बोलायला लागला. नातवाच्या शाळेपासून सुरुवात केली. जबलपूरच्या थंडीवर आला, तिथल्या भाजीवर आला, मुलाच्या साहेबावर घसरला. मधूनमधून लोंढ्याच्या जुन्या स्टेशनमास्तरावर जात होता. दोन वर्षं नीट उत्तर ऐकू न आलेला माणूस, थांबतो कशाला!

त्रिशलाक्का कपबशी न्यायला पुढं झाल्या आणि खाली वाकल्या. टेबलाखाली जाड काळी वायर वेटोळं घालून पडली होती. तिची पिन कशातच नव्हती. त्यांनी वायर धरून वर नेली. ती हिरव्या पेटीला जाऊन मिळत होती.

"अवं," त्या कुजबुजल्या, "ही पेटी चालू न्हाय."

"हळू बोल," आण्णासाहेबांनी माईक मांडीवर आडवा ठेवला. "ती चालू व्हायचीच न्हाय. हिच्यात आवाज वाढवणारा व्हॉल्व्हच न्हाय."

"मग आवाज?"

"नेहमीचाच हाय. बेळगावच्या रेडिओवाल्या मारुतीरावाला ऐकू जातो, जबलपूरच्याच दुसऱ्या एका रेडिओवाल्याला खणखणीत जातो. एकट्या जोतिबालाच जात न्हवता. काय ते मला दोन वर्षांमागंच कळलंय."

त्रिशलाक्का मटकन खुर्चीत बसल्या. चिंच आठवली, तेरा दुपारी आठवल्या, मुसळ आठवलं, पर्वातले पाच दिवस आठवले. या माणसाला बोल बोल बोलावं असं त्यांना वाटलं. "मग हे सगळं कशासाठी?"

"मला कळलंय हे त्याला कळलं असतं, तर पुढच्या रविवारी आलाच नसता. लई मानी हाय. म्हणून म्हटलं, माझाच आवाज कमी पडतोय, मी दुरुस्त करतो, तू थांब." आण्णासाहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "कॉइल अर्धी हाय म्हटल्यावर तो दर रविवारी बघायला यायचा, पुरी झाली काय म्हणून. जेवढी लांबली, तेवढे रविवार मिळाले."

त्रिशलाक्कांनी नुसता त्यांचा हात धरला, आणि लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्या माणसांनी सकाळी सकाळी असा हात धरायचा नसतो, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

तिकडं जोतिबाचं बोलणं एकदाचं संपत आलं. "...तर असं हाय सगळं. आता तू बोल. आन् अण्णा, एक सांगू काय? इतकं वरडू नगंस रं. कान किटला माझा."

आण्णासाहेबांनी माईक उचलला, तोंडापाशी नेला आणि सवयीनं छाती भरून श्वास घेतला. मग तो तसाच सोडून दिला. दोन वर्षांत त्या खोलीत असा साधा आवाज निघाला नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "तुझ्या गुडघ्याचं काय म्हणतोस?"